पोस्टडॉक की पाण्याची प्रयोगशाळा?

ताई,
वय ३१. रसायनशास्त्रात नुकतीच पीएच.डी. झाली. प्रबंध पाण्यातलं फ्लोराइड मोजणाऱ्या सेन्सरवर. आता हातात दोन पत्रं आहेत. एक जर्मनीतल्या विद्यापीठाचं, दोन वर्षांच्या पोस्टडॉकचं, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाचं. दुसरं आमच्याच जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत सहायक रसायनी म्हणून निवड झाल्याचं. गाइड म्हणतात, ‘तिथे गेलीस की संशोधन संपलं, जन्मभर टायट्रेशन करत बसशील.’ आई म्हणते, चालून आलेली सरकारी नोकरी लाथाडू नकोस. नवरा म्हणतो, तू ठरव. सासूबाई काहीच म्हणत नाहीत, फक्त अधूनमधून मुलाचा विषय काढतात. या पाच वर्षांत सगळ्यात जास्त मजा कधी आली असं विचाराल, तर मामाच्या गावच्या हातपंपांचं पाणी तपासलं तेव्हा. पण तो भाग परीक्षकांनी पेपरमधून काढायला लावला. संशोधन की लोकसेवा, एकदाचं सांगून टाका. मला अगंतुगं केलंत तरी चालेल.
– दोन पत्रांत अडकलेली, विदर्भ

प्रिय अडकलेली,

तुझ्या गाइडचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. मी सरकारी प्रयोगशाळेत नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले, तेव्हा टायट्रेशन, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण सोडून पाण्यातला घटक मोजणं, काय असतं ते मला कुणी सांगायला नको. पावसाळ्याच्या तोंडावर नमुन्यांचे कॅन दारापासून जिन्यापर्यंत येऊन पडतात. प्रत्येकाचा पीएच, टीडीएस (विरघळलेले क्षार), काठिण्य, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, लोह. काठिण्यासाठी ईडीटीएचं द्रावण थेंबाथेंबाने सोडायचं, फ्लास्कमधला लाल रंग निळा झाला की हात थांबवायचा, वहीत आकडा टाकायचा, पुढचा फ्लास्क घ्यायचा. दुपारनंतर डोकं घरी जातं आणि हात तेवढे कामावर राहतात. मग पोर्टलवर नोंदी, आणि नेमका तेव्हा सर्व्हर बसलेला. रिएजंट संपलेलं असतं, खरेदीची फाइल कुणाच्या तरी टेबलावर सहीसाठी पडून असते. प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचं ऑडिट जवळ आलं की सगळी प्रयोगशाळा रजिस्टरं पुरी करण्यात बुडते. निवडणूक लागली की तुलाही ड्युटी लागणार, पीएच.डी. असल्याची सूट त्यात नाही.

हे सगळं खरं आहे. पण त्यावरून ‘संशोधन संपलं’ हे गाइडनी कुठून काढलं ते मला कळत नाही.

एलन स्वालो रिचर्ड्स हे नाव तुझ्या अभ्यासक्रमात बहुतेक आलं नसेल. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रशास्त्र संस्थेत प्रवेश मिळालेली ही पहिली बाई, साल १८७०. तिची फी माफ केली होती. तिला वाटलं, परिस्थिती बघून केली. खरं कारण पुढे कळलं: कुणी ओरड केलीच तर ‘ही आमची विद्यार्थिनीच नव्हे’ म्हणायची सोय करून ठेवलेली होती. १८८७ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या आरोग्य मंडळाने राज्यातल्या नद्या, तळी, विहिरी तपासायचं काम काढलं आणि पृथक्करणाचा मुख्य भार तिच्या प्रयोगशाळेवर आला. नमुने हजारोंनी. त्यांतली एक चाचणी क्लोराइडची. तुझ्या गाइडच्या भाषेत, टायट्रेशन करत बसणं.

एकेका आकड्यात खरंच काही नव्हतं. पण ते सगळे नकाशावर मांडले तेव्हा दिसलं, की समुद्रापासून आत जावं तसतसं पाण्यातलं क्लोराइड ठरावीक चालीने उतरत जातं. सारखे आकडे जोडून रेघा काढता आल्या. मग एखाद्या विहिरीचा आकडा तिथल्या रेघेच्या वर निघाला, की जास्तीचं क्लोराइड समुद्राकडून आलेलं नाही, ते माणसांच्या सांडपाण्याचं असणार, हे सांगता यायला लागलं. पुढे तिकडे पाण्याच्या गुणवत्तेचे निकष आणि सांडपाण्यावर प्रक्रिया हे जे काही झालं, त्याच्या पायाशी हे काम आहे. इतके नमुने एका विद्यापीठातल्या एका विद्यार्थिनीला जमवता आले नसते. ते सरकारी कामातूनच येऊ शकत होते.

आता तुझ्या जिल्ह्याकडे ये. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक वर्षानुवर्षं त्याच हातपंपांचं, त्याच विहिरींचं पाणी आणून देतो. पावसाळ्याआधीचं आणि नंतरचं. एकाच स्रोताचे दहा वर्षांचे आकडे तुझ्या कपाटात असतील. पोस्टडॉक करताना एवढी सामग्री मिळवायची तर मोठा प्रकल्प मंजूर करून घ्यावा लागेल, आणि तो संपला की नमुने येणं बंद. महाराष्ट्राचा बराचसा भाग बसाल्टवर आहे, तिथे फ्लोराइडचा त्रास त्या मानाने कमी. पूर्व विदर्भात आणि किनवटकडे ग्रॅनाइटसारखे जुने खडक लागतात. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही गावांत आकडे चढतात, पोरांच्या दातांवर डाग दिसतात. एका तालुक्यातसुद्धा एका पंपाला लिटरमागे ०.६ मिलिग्रॅम आणि पलीकडच्या वस्तीवर २ च्या पुढे, असं का होतं? बोअर किती खोल आहे यावर ते ठरतं का? पाण्याची पातळी खाली गेली की चढतं का? प्रश्न सगळे रसायनशास्त्राचे आहेत, आणि ते विचारायला जर्मनी फार लांब पडते.

तुझ्या सेन्सरबद्दलही थोडं बोलते, राग मानू नकोस. प्रबंधात तो डबल डिस्टिल्ड पाण्यात सोडियम फ्लोराइड घालून तपासलेला असणार. सगळेच तसं करतात. खऱ्या हातपंपात जिथे फ्लोराइड जास्त असतं, तिथे बहुधा कॅल्शियम कमी आणि बायकार्बोनेट भरपूर असतं, कारण कॅल्शियम मुबलक असेल तर फ्लोराइड त्याच्याशी जोडी जमवून खाली बसतं. शिवाय लोह नि ॲल्युमिनियम काही फ्लोराइड धरून ठेवतात. ते सोडवायला आणि पीएच बांधून ठेवायला आम्ही इलेक्ट्रोडने मोजण्याआधी टिसॅब नावाचं द्रावण घालतो. तुझा सेन्सर टिसॅबशिवाय मामाच्या गावच्या पाण्यात काय दाखवत होता? परीक्षकांनी काढायला लावलेला भाग हाच असेल, तर माझ्या मते पेपरमधला कामाचा भाग तोच होता.

तुझ्या पत्रात ‘मजा’ हा शब्द एकदाच आलाय, तोही तिथेच. म्हणून माझा कल आत्ताच सांगून टाकते: प्रयोगशाळेचा. पण काही अटींवर. त्यांच्याकडे येतेच, आधी एका बाईबद्दल सांगू दे.

कमला सोहोनी. माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गाबाईंची धाकटी बहीण. वडील आणि काका दोघंही रसायनशास्त्रज्ञ, दोघंही बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये (आजची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स) शिकलेले. १९३३ साली मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिली आलेली ही मुलगी तिथे अर्ज करते आणि तिथले संचालक सी. व्ही. रामन ती बाई आहे म्हणून नकार देतात. ती हटत नाही. शेवटी प्रवेश मिळतो तो वर्षभर परीक्षेवर. नियमित विद्यार्थिनी म्हणून नाही, आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये या अटीवर. (ही अट पुरुषांना घालायला हवी होती, पण ते असो.) पुढे केंब्रिज, वनस्पतींमधल्या सायटोक्रोम सी या, पेशींच्या श्वसनाला लागणाऱ्या प्रथिनावर काम, १९३९ मध्ये पीएच.डी. तीही मोजक्या पानांच्या प्रबंधावर. तुझा किती पानांचा झाला?

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. मला पुढची जास्त आवडते. ती त्याच वर्षी परत आली. दिल्लीत लेडी हार्डिंग कॉलेजात जीवरसायनशास्त्र विभाग, मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत काम, लग्नानंतर मुंबईत इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्राध्यापकी. आणि तिथे संशोधनाला विषय काय घेतले? डाळी, शेंगा, भाताचं पीठ, नीरा. ज्यावर गरिबाचं पोट चालतं ते. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून हाती घेतलेल्या नीरेच्या कामातून तिने दाखवलं की तिच्यातली जीवनसत्त्वं आणि लोह आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांना आणि गरोदर बायकांना उपयोगी पडतं. त्या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. एवढ्यावर कुणीही समाधानाने घरी बसलं असतं. या बाई मुंबईतल्या ग्राहकांच्या संघटनेत, कन्झ्युमर गायडन्स सोसायटीत, गेल्या. १९६६ साली काही बायकांनीच ती काढली होती. तिच्या ‘कीमत’ या नियतकालिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लेख लिहिले, आणि १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्षही झाल्या. सायटोक्रोमवाली बाई किराणामालातल्या भेसळीच्या भांडणात उतरली, आणि त्यात तिला काही कमीपणा वाटल्याचं मी तरी कुठे वाचलं नाही.

कलकत्त्याच्या असीमा चॅटर्जींचंही तसंच. वनस्पतींतल्या अल्कलॉइड्सवर (औषधी गुणांच्या रसायनांवर) आयुष्य घातलं, १९६१ साली विज्ञानातला भटनागर पुरस्कार मिळवणारी पहिली स्त्री ठरल्या, आणि १९८२ ते १९९० राज्यसभेत नामनियुक्त सदस्य होत्या. ‘संशोधन की लोकसेवा’ हा प्रश्न या दोघींना विचारला असता तर त्यांनी काय उत्तर दिलं असतं कुणास ठाऊक. कामं मात्र दोन्ही केली.

आता सरकारी प्रयोगशाळेत जे आहे आणि पोस्टडॉकमध्ये नाही, त्याबद्दल. तिथे आकड्याखाली सही करावी लागते.

शाळेच्या आवारातल्या एका हातपंपाचं फ्लोराइड आमच्याकडे १.६ आलं. मानकाप्रमाणे १ पर्यंत चांगलं. दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यायचं. सरपंच स्वतः आले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, ‘मॅडम, दीडच्या आत बसतंय का बघा की. पंप बंद केला तर पोरं पाण्याला जातील कुठं?’ प्रश्न बिनतोड होता. शोधनिबंधात मी १.६, अधिक-उणे ०.१ असं लिहून मोकळी झाले असते. अहवालात ‘पिण्यास योग्य’ किंवा ‘पिण्यास अयोग्य’ यांतलं एकच लिहिता येतं. मी त्यांना सांगितलं, फेरनमुना घेऊ, तुमच्यासमोर घेऊ, पण पहिली नोंद खोडणार नाही. प्लॅस्टिकचा कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळला (फ्लोराइडला काच चालत नाही, तुला माहीतच आहे), लेबलवर दोघांच्या सह्या घेतल्या, नवीन स्टँडर्ड करून त्यांच्यादेखत मोजलं. पुन्हा १.६. पंपावर फलक लागला, पाणी धुण्याभांड्याला ठेवलं, आणि पिण्याचं पाणी गावच्या विहिरीवरून आणायचं ठरलं. त्या विहिरीचाही नमुना सरपंच जाताना मागून गेले. रसायनशास्त्राची ही बाजू पीएच.डी.त कुणी शिकवत नाही, आणि ती अंगवळणी पडायला वेळ लागतो. तुला हे नको असेल, आकडा मोजून पुढच्या प्रयोगाकडे वळणं आवडत असेल, तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मग सरळ जर्मनीला जा.

कारण पोस्टडॉकचीही बाजू आहे. आयसीपी-एमएससारखी, पाण्यातले धातू अगदी सूक्ष्म प्रमाणातही मोजणारी यंत्रं स्वतःच्या हाताने चालवायला मिळतील. तुझी गृहीतकं रोज कुणीतरी तोंडावर फाडेल, ते फार उपयोगाचं असतं. आपल्याकडे ‘सर म्हणाले’ इथे वाद मिटतो. पण परत आल्यावर काय, हा प्रश्न गाइडना विचारलास का? कॉलेजातल्या जागांची भरती कशी चालते आणि तासिका तत्त्वावर किती पीएच.डी. वर्षानुवर्षं राबताहेत, हे ते रोज आपल्याच विभागात बघत असतील. त्यांना संशोधनाची काळजी असेल तर त्यांनी त्याबद्दलही बोलायला हवं.

आता अटी. पहिली गोष्ट, नेमणूक नियमित आहे की कंत्राटी, हे नियुक्तीपत्रात डोळ्यांत तेल घालून वाच. पाणी तपासणीच्या कितीतरी प्रयोगशाळांमध्ये रसायनी अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर किंवा बाहेरच्या एजन्सीमार्फत घेतलेले असतात. आईला वाटतंय ती ‘सरकारी नोकरी’ ही नसेल, तर माझा कल उलटा होतो: जर्मनीला जा. कंत्राटी नोकरीसाठी पोस्टडॉक सोडू नकोस. राज्य सेवेत खुल्या गटाची कमाल वयोमर्यादा ३८ आहे, मागास प्रवर्गासाठी ४३. दोन वर्षांनी परत आलीस तरी दार बंद झालेलं नसेल. जाहिरात कधी निघेल याचा भरवसा तेवढा कुणी देऊ शकत नाही.

नियमित असेल तर रुजू होण्याआधीच अध्ययन रजेचा नियम विचारून घे, किती सेवेनंतर आणि किती काळ. पोस्टडॉक तेव्हाही करता येते, आणि तेव्हा तू स्वतःचा प्रश्न घेऊन जाशील, प्राध्यापकांच्या प्रकल्पातली रिकामी जागा भरायला नाही. आकड्यांचंही नीट समजून घे. नमुने आणि नोंदी खात्याच्या मालकीच्या आहेत. त्यांवर पेपर लिहायचा तर वरिष्ठांची लेखी परवानगी घे, तोंडी ‘हो हो, करा’ यावर जाऊ नकोस; वरिष्ठ बदलून गेला की ते ‘हो हो’ त्याच्याबरोबर जातं. गावांची नावं छापायची की नाही, हेही त्याच अर्जात विचार. आणि पहिल्याच वर्षी क्रांती करायला जाऊ नकोस. आधी जुन्या आकड्यांतला घोळ तुला कळू दे: कुठला स्रोत दोन संकेतांकांनी नोंदलाय, कुठल्या वर्षी फ्लोराइडचे सगळे आकडे संशयास्पद गोल आहेत. तिथे आधीपासून असलेल्या प्रयोगशाळा सहायकाशी जुळवून घे. पोर्टलला माहीत नसलेल्या निम्म्या गोष्टी त्याला तोंडपाठ असतात.

संशोधन आपोआप चालू राहणार नाही, हे मात्र पक्कं धरून चाल. ते तुलाच चालू ठेवावं लागेल. विद्यापीठाशी धागा तोडू नकोस. एखाद्या एम.एस्सी.च्या मुलीला दरवर्षी तुझ्या नमुन्यांवर प्रकल्प दे, ती तुझ्याकडून शिकेल आणि तुला आयते हात मिळतील.

मुलाचं म्हणशील, तर नियमित नोकरीत १८० दिवसांची प्रसूती रजा मिळते, आणि तो तुझा हक्क आहे, कुणाचे उपकार नाहीत. कधी ते तुम्ही दोघं ठरवा, सासूबाई नाहीत आणि मीही नाही. पुढेमागे कामात खंड पडलाच, तर केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची वाइज-किरण योजना अशाच बायकांसाठी आहे, त्यातल्या वाइज-स्कोपमध्ये समाजोपयोगी कामाला अनुदान मिळतं. नवऱ्याला ‘तू ठरव’वर सुटू देऊ नकोस. तू जर्मनीला गेलीस तर तो काय करणार, बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाली तर काय करणार, हे त्याने त्याचं सांगावं. उत्तर काहीही असो, ते ठरवायच्या आधी ऐकायला हवं.

गाइडना एकदा भेटायला जा. रागवायला नको, भांडायला नको. जाताना मामाच्या गावच्या नमुन्यांची ती वही ने आणि विचार, जिल्ह्याचे आकडे मिळाले तर सर, यावर आपण दोघं पेपर लिहू का? ते हो म्हणाले तर अर्धी अडचण सुटली. नाही म्हणाले तर दुसऱ्या विद्यापीठात विचार.

जर्मनीला अजून नकार कळवू नकोस. आधी नेमणुकीचं स्वरूप आणि रुजू व्हायची शेवटची तारीख कार्यालयाकडून लेखी मागून घे. आधी ईमेल कर, मग स्वतः जाऊन आवक-जावकचा शिक्का मारलेली प्रत घेऊन ये. ते उत्तर हातात पडलं, की तिकडच्या प्राध्यापकांना त्याच दिवशी स्पष्ट कळव. त्यांचीही जागा अडलेली आहे.

– ताई